सौम्यतेची साधना : संत फ्रान्सिस डी सेल्स

दरवर्षी २४ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण साजरा करते. ते कॅथोलिक लेखकांचे व पत्रकारांचे आश्रयदाते संत असल्यामुळे आम्हा लेखणी चालविणाऱ्यांना या दिवसाचे विशेष अगत्य आहे. जागतिक संपर्क माध्यम दिनाचा पोपमहोदयांचा संदेशही दरवर्षी याच दिवशी प्रसिद्ध होतो. तथापि, या लेखात आम्ही त्यांची ओळख लेखक किंवा बिशप म्हणून करून देण्यापेक्षा एका वेगळ्या अंगाने करून देऊ इच्छितो.

संत फ्रान्सिस यांचे चित्र आपण पाहिले असेल. रुंद कपाळ, लांब दाढी आणि शांत, प्रसन्न दृष्टी. ते चित्र पाहिले की मनात सहज येते की, काही माणसे जन्मतःच शांत असतात. आपल्या वाट्याला तो स्वभाव आला नाही, त्याला आपण तरी काय करणार? घरभेटीसाठी गेलो असता आम्हांला हीच खंत अनेकदा ऐकू येते. कामावरून घरी आल्यावर मुलांवर विनाकारण ओरडणे होते, लहानशा अपयशाने मन खचते, रात्री झोप येत नाही, प्रार्थनेत लक्ष लागत नाही. शेवटी एकच वाक्य उरते : आमचा स्वभावच तसा आहे.

संत फ्रान्सिस यांचे चरित्र या वाक्याला नम्र उत्तर देते. त्यांचा स्वभाव मुळात तापट होता. तरुणपणी ते निराशेच्या काठापर्यंत जाऊन आले होते. त्यांची प्रसिद्ध सौम्यता ही देवाच्या कृपेने आणि रोजच्या लहान लहान सवयींनी वर्षानुवर्षे घडलेली गोष्ट होती. ती कशी घडली, हे पाहणे आपल्या हिताचे आहे.

वडिलांची स्वप्ने आणि मुलाचे मन

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजी सव्हॉय संस्थानातील तोरेन्स येथील गढीत झाला. हा आल्प्स पर्वताच्या कुशीतील प्रदेश आज फ्रान्समध्ये मोडतो. त्या काळी तेथे सव्हॉयच्या ड्यूकची सत्ता होती. घराणे सरदारांचे होते. फ्रान्सिस हे थोरले चिरंजीव. थोरल्या मुलाने कायद्याचे शिक्षण घ्यावे, शाँबेरी येथील उच्च न्यायमंडळात मानाचे आसन मिळवावे, चांगल्या घराण्यातील मुलीशी विवाह करावा व वंशाचे नाव पुढे चालवावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाला मात्र बालपणापासून धर्मगुरू व्हायचे होते. वडिलांविषयी आदर आणि देवाच्या हाकेची ओढ, या दोहोंमधील ताण त्यांनी अनेक वर्षे मनात वागविला.

शिक्षणासाठी त्यांना पॅरिस येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लेरमाँ विद्यालयात पाठविण्यात आले. ते हुशार होते, मेहनती होते, वागण्यात रुबाबदार होते. बाहेरून पाहणाऱ्याला या तरुणाला काही दुःख असेल, असे वाटले नसते. परंतु १५८६ सालाच्या अखेरीस, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांच्यावर एक भयंकर संकट कोसळले.

त्या काळी पूर्वनियोजनाच्या सिद्धांतावर पॅरिसमध्ये मोठे वाद होत असत. देवाने काही माणसांना तारणासाठी व काहींना विनाशासाठी आधीच ठरवून ठेवले आहे काय, हा तो प्रश्न. विद्यार्थ्यांमध्ये तो चर्चेचा विषय होता. फ्रान्सिस यांच्यासाठी तो जिवावरचा प्रश्न झाला. आपण नाकारलेल्यांपैकी आहोत, असा समज त्यांच्या मनात घट्ट बसला. अन्न गोड लागेना, झोप उडाली, देह खंगला. ही अवस्था सुमारे सहा आठवडे टिकली.

या अंधारातून ते कसे बाहेर पडले? एके दिवशी ते संत स्टीफन यांच्या नावाने असलेल्या पॅरिसमधील एका चर्चमध्ये गेले आणि पवित्र मरियेच्या काळ्या मूर्तीपुढे गुडघे टेकले. मरियेच्या साहाय्याची आठवण करून देणारी, संत बर्नर्ड यांच्या नावाने प्रचलित असलेली प्रार्थना त्यांनी केली. त्यांनी मनाशी एक निश्चय केला. मृत्यूनंतर आपले काय होणार, हे देवाच्या हाती सोपवायचे; परंतु या जन्मी तरी त्याच्यावर प्रेम करायचे. त्या निश्चयाबरोबर मनावरचे ओझे उतरले, असे ते पुढे आपल्या जवळच्यांना सांगत.

येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. फ्रान्सिस यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले नव्हते. त्या सिद्धांताचा अभ्यास त्यांनी पुढे इटलीत पाडुआ येथे, संत ऑगस्टीन व संत थॉमस अॅक्वायनस यांचे ग्रंथ समोर ठेवून, पुन्हा केला. त्या दिवशी बदलले ते एवढेच की, जे आपल्या हाती नाही त्याची चिंता त्यांनी सोडली आणि जे आजच्या आज करता येण्याजोगे होते ते हाती घेतले. त्यांच्या पुढील आयुष्यातील सगळ्या सवयींचे बीज या एका निश्चयात आहे. शिवाय ज्याने स्वतः निराशा अनुभवली, तोच पुढे हजारो निराश जिवांचा आधार झाला, हेही विसरता येत नाही.

पाडुआ येथील दिनक्रम

१५८८ साली वडिलांच्या आज्ञेनुसार फ्रान्सिस कायद्याच्या अभ्यासासाठी पाडुआ येथील विद्यापीठात दाखल झाले. विद्यार्थ्यांचे हे शहर गजबजलेले आणि दंग्याधोप्याचे होते. तेथे येशूसंघीय फादर आंतोनियो पोस्सेविनो हे त्यांना आध्यात्मिक मार्गदर्शक लाभले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रान्सिस यांनी स्वतःसाठी एक जीवननियम लिहून काढला.

या नियमातील पहिली गोष्ट म्हणजे सकाळची पूर्वतयारी. उठल्यावर प्रार्थनेत ते येणारा दिवस डोळ्यांपुढे आणीत. आज कोण भेटणार, कोणते काम निघणार, कोठे राग येण्याचा संभव आहे, कोठे मोह आहे, याचा आधीच विचार करून त्या त्या प्रसंगी कसे वागावे, हे ते ठरवीत आणि त्यासाठी देवाची मदत मागत. पावसाळ्यापूर्वी घर शाकारावे, तसाच हा प्रकार. राग आल्यानंतर त्याच्याशी झुंजण्यापेक्षा, तो कोणत्या दाराने येणार हे आधी ओळखून ठेवणे अधिक सोपे असते, हे त्यांनी विशीतच जाणले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे दिवसातून अनेकदा काही क्षण अंतःकरणात माघारी जाणे. कामात असताना, रस्त्याने चालताना, लोकांच्या गर्दीत असतानाही ते मनाने क्षणभर देवापाशी जाऊन येत. त्यासाठी वेगळी जागा किंवा वेगळा वेळ लागत नसे. तिसरी गोष्ट म्हणजे रात्रीचे आत्मपरीक्षण. झोपण्यापूर्वी दिवसाकडे मागे वळून पाहायचे, मिळालेल्याबद्दल आभार मानायचे, चुकले असेल त्याबद्दल क्षमा मागायची. इतरांशी बोलताना कसे वागावे, कोणाशी किती जवळीक ठेवावी, याचेही नियम त्यांनी लिहून ठेवले होते.

पाडुआ येथे ते गंभीर आजारी पडले. आपण वाचत नाही, असे वाटल्यावर त्यांनी आपले प्रेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी द्यावे, असे सांगितले. त्या काळी अशा अभ्यासासाठी प्रेते मिळविताना विद्यार्थ्यांचे दंगे होत. आपल्या देहामुळे तेवढा तरी टळावा, ही त्यामागील भावना. सुदैवाने ते बरे झाले आणि १५९१ साली त्यांना कायद्याची डॉक्टर ही पदवी मिळाली.

घरी परतल्यावर वडिलांनी विवाहाची बोलणी सुरू केली होती. १५९२ साली शाँबेरी येथे वकील म्हणून त्यांचे नावही नोंदविले गेले. फ्रान्सिस वडिलांशी भांडले नाहीत आणि आपल्या निश्चयापासून ढळलेही नाहीत. त्यांचे चुलतबंधू लुई, जे स्वतः धर्मगुरू होते, त्यांच्या प्रयत्नांनी जिनिव्हा धर्मप्रांताच्या धर्मगुरुमंडळातील प्रमुखपद फ्रान्सिस यांना देऊ करण्यात आले. तेव्हा कुठे वडिलांनी जड अंतःकरणाने संमती दिली. १८ डिसेंबर १५९३ रोजी बिशप क्लोद द ग्रानिए यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

शाब्ले येथील हिवाळे

जिनिव्हा शहर १५३६ पासून कॅल्व्हिनच्या सुधारणावादी पंथाचे झाले होते. त्यामुळे जिनिव्हाचे कॅथोलिक बिशप आन्सी या गावी राहत. जिनिव्हा सरोवराच्या दक्षिणेकडील शाब्ले प्रांतही बहुतांशी त्याच पंथाचा झाला होता. तेथे कॅथोलिक श्रद्धेचे कार्य पुन्हा सुरू करण्यासाठी फ्रान्सिस आणि लुई हे दोघे भाऊ सप्टेंबर १५९४ मध्ये निघाले. वडिलांना हे मुळीच पसंत नव्हते.

सुरुवातीला त्यांचा मुक्काम आलँज येथील किल्ल्यात असे. तेथून ते रोज पायी थोनॉन या मुख्य गावी जात आणि सायंकाळी परतत. थंडी कडाक्याची, वाटा बर्फाच्या, लोकांचा विरोध उघड. एका हिवाळी रात्री लांडग्यांच्या भीतीने त्यांनी झाडावर आश्रय घेतला व झोपेत खाली पडू नये म्हणून स्वतःला फांदीशी बांधून घेतले, अशी हकिकत चरित्रकार सांगतात. त्यांच्या जिवावर हल्ल्याचे प्रयत्नही झाले.

परंतु लांडग्यांपेक्षा कठीण होती ती रिकामी बाके. महिन्यांमागून महिने गेले, तरी प्रवचन ऐकायला मोजकीच माणसे येत. एवढ्या कष्टाचे फळ दिसत नसेल, तर कोणत्याही माणसाचा धीर सुटतो. फ्रान्सिस यांनी दुसरी वाट शोधली. लोक चर्चमध्ये येत नाहीत, तर विचार त्यांच्या घरी पोहोचले पाहिजेत. त्यांनी श्रद्धेविषयीचे छोटे लेख लिहून त्यांच्या प्रती वाटण्यास, भिंतींवर लावण्यास व दारांच्या फटींतून आत सरकविण्यास सुरुवात केली. पुढे ते पत्रकारांचे आश्रयदाते ठरले, त्याचे एक कारण हे लेख आहेत.

हळूहळू माणसे वळू लागली. चार वर्षांनंतर, १५९८ साली, थोनॉन येथे चाळीस तासांच्या पवित्र साक्रामेंताच्या आराधनेचा मोठा सोहळा झाला आणि प्रांतातील बहुसंख्य लोक कॅथोलिक ख्रिस्तसभेत परत आले. या परिवर्तनामागे ड्यूकच्या राजसत्तेचाही हात होता, हे इतिहास सांगतो आणि ते लपविण्याचे कारण नाही. धर्म आणि राजकारण यांची सांगड घालणारा तो काळ होता. तशा काळातही फ्रान्सिस यांनी स्वतः प्रतिपक्षाविषयी कठोर भाषा टाळली आणि संवादावर भर दिला, हे त्यांचे वेगळेपण आजच्या ख्रिस्तैक्याच्या काळात अधिकच जाणवते.

कामाचा डोंगर, मनाची सावकाशी

८ डिसेंबर १६०२ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तोरेन्स येथील आपल्या बालपणीच्या चर्चमध्ये फ्रान्सिस यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. त्यापूर्वी त्यांनी पुन्हा एकदा आध्यात्मिक साधनेत वेळ घालविला आणि बिशप म्हणून आपला दिनक्रम ठरविला. भोजन साधे, कपडे साधे, प्रार्थनेची वेळ निश्चित, मुलांच्या धर्मशिक्षणाचे काम स्वतःकडे.

धर्मप्रांत डोंगराळ होता आणि त्यात चारशेहून अधिक धर्मग्राम होते. ते त्यांनी घोड्यावरून आणि पायी फिरून पाहिले. रोज दारात माणसांची रीघ असे. कोणी भांडण घेऊन येई, कोणी पापनिवेदनासाठी, कोणी मदतीसाठी. पत्रांचा तर पाऊस पडे. त्यांची दोन हजारांहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. अशा धबडग्यातही मार्टिन नावाच्या एका मूकबधिर तरुणाला खुणांच्या भाषेने श्रद्धेचे शिक्षण देण्यासाठी त्यांनी वेळ काढला आणि त्याला आपल्या घरी आश्रय दिला. म्हणूनच कर्णबधिर बांधव त्यांना आपला आश्रयदाता मानतात.

एवढे काम करणारा माणूस घाईत असेल, असे आपल्याला वाटेल. परंतु समोर बसलेल्या माणसाला ते घाईत आहेत, असे कधी वाटत नसे. एका वेळी एकच काम, आणि समोर असेल ते काम जणू दुसरे काही नाहीच अशा रीतीने करायचे, ही त्यांची पद्धत होती. काळजीपूर्वक काम करणे आणि काळजीने पोखरून काम करणे, यांत ते फरक करीत. पहिल्याने काम नीट होते. दुसऱ्याने काम बिघडते आणि मनही. बापाचा हात एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कुंपणावरची फळे तोडणाऱ्या लहान मुलाची उपमा त्यांनी यासाठी वापरली आहे. आपण संसाराची कामे करावीत, फळे गोळा करावीत. परंतु दोन्ही हात त्यातच गुंतवून पित्याचा हात सोडू नये.

१६०९ साली त्यांचा ‘भक्तिमय जीवनाची ओळख’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. भक्ती ही मठातल्या माणसांचीच मिरास नाही. सैनिक, कारागीर, गृहिणी, दरबारी या सर्वांना आपापल्या कामात राहून पवित्र होता येते, हा त्या ग्रंथाचा गाभा. त्या काळी हा विचार अनेकांना नवा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्वांना पावित्र्याचे पाचारण असल्याचे १९६४ साली स्पष्टपणे मांडले, त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी एक बिशप हेच आपल्या लोकांना समजावून सांगत होता.

या ग्रंथात मनाच्या आरोग्याविषयी जे विवेचन आहे, ते वाचून आजही आश्चर्य वाटते. चिंतेविषयी ते सांगतात की, जाळ्यात सापडलेला पक्षी सुटण्यासाठी जितकी फडफड करतो, तितका अधिक गुरफटतो. म्हणून आधी मन शांत करावे आणि मग सुटकेचा मार्ग शोधावा. अंतःकरणातील दुःख विश्वासू माणसाजवळ बोलून दाखवावे, असा त्यांचा आग्रह आहे. देहाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनाही ते सावध करतात. रात्र झोपेसाठी आहे. वेळेवर झोपावे व सकाळी लवकर उठावे. अतिरेकी उपवासाने देह मोडला, तर सेवेला उपयोग काय? फिरायला जावे, मित्रांशी गप्पा कराव्यात, संगीत ऐकावे. निर्दोष करमणुकीला ते दोष देत नाहीत.

त्यांचा सर्वांत मोलाचा सल्ला मात्र स्वतःशी सौम्य राहण्याचा आहे. राग आला म्हणून आपण चिडतो, मग चिडलो म्हणून स्वतःवर चिडतो, आणि अशा रीतीने एका रागातून दुसरा राग जन्मतो. घसरल्यावर स्वतःला शिव्याशाप देणे, हा पश्चात्ताप नव्हे. त्यात दुखावलेला अहंकार असतो. खाली पडलेल्या लेकराला आई उठवते, तसे आपल्या मनाला हळुवारपणे उठवावे आणि पुन्हा चालू लागावे.

रागाशी दीर्घ झुंज

त्यांनी हे पुस्तकी ज्ञानातून लिहिलेले नव्हते. एकदा एका तरुणाने त्यांच्या तोंडावर अपमानाचा भडिमार केला. फ्रान्सिस शांतपणे ऐकत राहिले. उपस्थितांनी नंतर आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा त्यांनी सांगितले की, वीस-बावीस वर्षे खपून थेंब थेंब जमविलेली थोडीशी सौम्यता पाव तासात सांडून टाकण्याची आपल्याला भीती वाटली. या उत्तरात त्यांचे सारे चरित्र आले. शांत बिशपांच्या आत वीस वर्षे एक झुंज चालू होती आणि ती संपली आहे, असे त्यांना तेव्हाही वाटत नव्हते.

त्यांच्या मृत्यूनंतर देहाला औषधी लेप लावताना वैद्यांना त्यांच्या पित्ताशयात खडेच खडे आढळले, असे चरित्रकार नमूद करतात. त्या काळी पित्त हे क्रोधाचे मूळ मानले जाई. त्यामुळे रागाला आवर घालता घालताच हे खडे झाले, असे लोकांनी मानले. आजचे वैद्यकशास्त्र ही कारणमीमांसा स्वीकारत नाही. तरी त्यांना जवळून ओळखणाऱ्यांना ही सौम्यता किती कष्टाची वाटत होती, हे या समजुतीवरून कळते.

सौम्यता म्हणजे दुबळेपणा, असेही कोणी समजू नये. फ्रान्सच्या राजदरबारात त्यांच्या प्रवचनांची कीर्ती झाली. पुढे पॅरिसच्या धर्मप्रांतात मोठे पद देऊ करण्यात आले. त्यांनी ते स्वीकारले नाही. आपल्या गरीब धर्मप्रांताशी आपला विवाह झाला आहे. श्रीमंत मिळते म्हणून गरीब पत्नीला सोडता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. राजांना नकार देतानाही त्यांचा आवाज चढला नाही.

अश्रू आणि आधार

१६०४ च्या प्रायश्चित्तकाळात दिजाँ येथे प्रवचने देत असताना त्यांची भेट जेन फ्रान्सिस डी शांताल यांच्याशी झाली. तीन वर्षांपूर्वी शिकारीच्या वेळी एका स्नेह्याच्या हातून चुकून गोळी लागून त्यांचे पती मरण पावले होते. चार लहान मुले, सासरच्या घरातील जाच आणि पतीचा घात ज्याच्या हातून झाला त्याला क्षमा करता न येण्याची बोचणी, असे तिहेरी ओझे त्या वाहत होत्या. फ्रान्सिस यांनी त्यांना एका दिवसात क्षमा करण्यास भाग पाडले नाही. स्वतःहून भेट घडवून आणण्याची गरज नाही, परंतु भेट झालीच तर मन कोमल ठेवावे, असा त्यांचा सल्ला होता. पायरी पायरीने त्या पुढे गेल्या आणि अखेरीस त्याच गृहस्थाच्या मुलाच्या बाप्तिस्म्यास धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या.

६ जून १६१० रोजी या दोघांनी आन्सी येथे व्हिजिटेशन धर्मसंघाची स्थापना केली. विधवा, वयस्क किंवा प्रकृतीने नाजूक असल्यामुळे इतर मठांतील कडक नियम ज्यांना झेपत नसत, अशा स्त्रियांनाही येथे प्रवेश होता. कठोर देहदंडाऐवजी नम्रता, सौम्यता आणि परस्परप्रेम यांना या संघात महत्त्व देण्यात आले. ज्यांच्या अंगी बळ कमी त्यांनाही पावित्र्याची वाट खुली असावी, हा विचार त्यामागे होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्सिस यांच्या मातोश्रींचे निधन झाले होते. त्यांनी आईला आशीर्वाद दिला, स्वतःच्या हातांनी तिचे डोळे मिटले आणि मग ते मनसोक्त रडले. हे त्यांनी जेन यांना पत्रातून कळविले, लपविले नाही. १६१७ साली त्यांचे धाकटे बंधू बर्नार हे ऐन तारुण्यात वारले. बर्नार यांचा विवाह जेन यांच्या कन्येशी झाला होता. तीही त्याच वर्षी देवाघरी गेली. दोन्ही घरांवर एकाच वेळी घाव बसला. देवाच्या इच्छेचा स्वीकार करणाऱ्या माणसाने रडू नये, असे त्यांनी कधी मानले नाही. लाजारसच्या कबरीपाशी प्रभू येशूही रडला होता.

सोबतीची गरजही त्यांनी कधी नाकारली नाही. न्यायाधीश आंत्वान फाव्र हे त्यांचे जिवलग मित्र होते. पोस्सेविनो, लुई, फाव्र, जेन अशा माणसांचा आधार आयुष्यभर त्यांना लाभला आणि त्यांनी तो कृतज्ञतेने घेतला. मनाचा कणखरपणा म्हणजे एकट्याने सोसणे, असा समज आपल्याकडे, विशेषतः पुरुषांमध्ये, फार रुजला आहे. हा संत तसे जगला नाही.

माळ्याची खोली

उतारवयात त्यांनाही विश्रांतीची ओढ लागली. पाय सुजत, थकवा येई. त्यांचे बंधू झाँ-फ्रान्स्वा हे १६२१ साली साहाय्यक बिशप झाले, तेव्हा कारभार त्यांच्यावर सोपवून आन्सी सरोवराकाठी तालोआर येथील डोंगरावरच्या आश्रमात राहावे, प्रार्थना व लेखन करावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. १६२२ च्या अखेरीस ड्यूकच्या आज्ञेवरून त्यांना आव्हिन्यों येथे जावे लागले. परतताना ते लियाँ येथे थांबले. मोठमोठ्या घरांची आमंत्रणे असताना त्यांनी व्हिजिटेशन मठाच्या माळ्याची साधी खोली मुक्कामासाठी निवडली. २७ डिसेंबरला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्या काळच्या वैद्यांनी केलेले वेदनामय उपचारही त्यांनी मुकाट्याने सोसले. २८ डिसेंबर १६२२ रोजी सायंकाळी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते प्रभूच्या घरी गेले. त्यांचा देह आन्सी येथे नेण्यात आला आणि २४ जानेवारी १६२३ रोजी तेथे ठेवण्यात आला. तोच दिवस आज त्यांचा सण आहे.

१६६५ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. १८७७ साली पोप नववे पायस यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित घोषित केले आणि १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी कॅथोलिक लेखकांचे आश्रयदातेपद त्यांना दिले. त्यांच्या मृत्यूला ४०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २८ डिसेंबर २०२२ रोजी, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्यावर प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले.

आपल्या महाराष्ट्राशीही या संताचे नाते आहे. संत जॉन बॉस्को यांनी तरुणांसाठी स्थापन केलेल्या संघाला सेल्स यांच्याच नावावरून सलेशियन हे नाव दिले. मुंबईतील माटुंग्याचे डॉन बॉस्को विद्यालय त्याच परंपरेतील आहे. आन्सीच्या भूमीत १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मिशनरी संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकात भारतात आले आणि त्यांनी मध्य भारतात व मराठवाड्यात श्रद्धेची मुळे रुजविली. १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताचे कॅथीड्रल तसेच छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील कॅथीड्रलही या संताच्या नावाने आहे. आन्सीच्या बर्फातून निघालेली ही वाट आपल्या उन्हाच्या प्रदेशापर्यंत आली आहे.

वाचकहो, संत फ्रान्सिस यांच्या सवयींपैकी कोणतीही सवय आपल्याला अशक्य नाही. सकाळी पाच मिनिटे येणारा दिवस देवासमोर मांडावा. दुपारी कामाच्या गर्दीत, गाडीत उभे असताना, क्षणभर मनाने त्याच्यापाशी जाऊन यावे. रात्री आभार मानून, क्षमा मागून, वेळेवर झोपावे. दुःख एखाद्या विश्वासू माणसाजवळ बोलावे. निराशा आठवडे न आठवडे हटत नसेल, अन्न व झोप उडाली असेल, तर धर्मगुरूंबरोबरच डॉक्टरांचीही मदत अवश्य घ्यावी. त्यात श्रद्धेची उणीव नाही, देवाने दिलेल्या साधनांचा तो आदर आहे.

एवढे करूनही उद्या पुन्हा राग येईल. तेव्हा निराश होऊ नये. या संताला वीस वर्षे लागली होती. मनाला हळुवारपणे उठवावे, घरच्यांची क्षमा मागावी आणि परवाच्या सकाळी पुन्हा तयारीला बसावे. संत फ्रान्सिस डी सेल्स आपणां सर्वांसाठी प्रभूकडे विनंती करोत.